जहाजावरच्या संध्याकाळी काय नेसावे, काय घालावे

समुद्रसफरीला निघालेल्या सांगली-मिरजेकडच्या कुटुंबात तिकिटे आणि पासपोर्ट यांच्या खालोखाल चर्चा होते ती संध्याकाळच्या कपड्यांची. पर्यटन कंपनीने दिलेल्या पत्रकात ‘फॉर्मल नाइट’ (औपचारिक संध्याकाळ) आणि ‘स्मार्ट कॅज्युअल’ (साधा पण नीटनेटका पोशाख) असे शब्द छापलेले असतात, आणि तेवढ्यावरून घरातील पुरुष कापडपेठेत सुटाचे कापड पाहू लागतात, तर मुली आईसाठी गाऊन शोधू लागतात. यातील बहुतेक खरेदी अनावश्यक असते. औपचारिक संध्याकाळी शोभतील असे कपडे लग्नकार्यांच्या निमित्ताने आपल्या कपाटात आधीच जमलेले असतात. त्यांतले कोणते न्यावेत, कसे न्यावेत आणि कोणत्या संध्याकाळी बाहेर काढावेत, एवढाच खरा प्रश्न असतो.

प्रथम हे लक्षात घ्यावे की पोशाखाचा नियम सगळ्या जहाजाला सारखा लागू नसतो. तो मुख्यतः ज्या भोजनगृहात वाढपी टेबलापाशी येऊन जेवण वाढतात तिथे, त्याखेरीज वेगळे पैसे भरून जेवण्याच्या खास उपाहारगृहांत आणि काही जहाजांवर नाट्यगृहात व बारमध्ये पाळला जातो. वरच्या मजल्यावरच्या बुफेत त्याच वेळी साधा शर्ट-पँट किंवा सलवार-कमीज घालून निवांत जेवता येते. त्यामुळे एखाद्या संध्याकाळी नटण्याचा कंटाळा आला, किंवा दिवसभर बंदरावर फिरून पाय दुखत असले, तर बुफेत जावे. त्यात कोणताही कमीपणा नाही आणि कोणी विचारीतही नाही. पोहण्याचे कपडे, बनियनसारखे बिनबाह्यांचे शर्ट आणि आंघोळीनंतरचा रोब मात्र संध्याकाळच्या भोजनगृहात कुठेच चालत नाहीत.

कंपनीप्रमाणे या नियमाचा कडकपणा बदलतो, म्हणून कपाटातून कपडे निवडण्याआधी आपले जहाज कोणत्या कंपनीचे आहे ते पाहावे. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 2000 सालापासून ‘फ्रीस्टाइल’ पद्धत आणली आणि औपचारिक पोशाखाची सक्ती काढून टाकली. तिथे नीटनेटका कुर्ता किंवा कॉलरचा शर्ट सात दिवस पुरतो. रॉयल कॅरिबियन आणि एमएससी यांच्या जहाजांवर सफरीत एक-दोन संध्याकाळी विशेष पोशाखाच्या असतात, पण पुरुषांनी टायच बांधला पाहिजे असा आग्रह दिसत नाही. कार्निव्हल कंपनीच्या दोन ते पाच दिवसांच्या सफरीत अशी एक संध्याकाळ असते आणि सहा किंवा त्याहून अधिक दिवसांच्या सफरीत दोन. याच्या दुसऱ्या टोकाला क्युनार्ड ही जुनी ब्रिटिश कंपनी आहे. तिच्या क्वीन मेरी 2 वगैरे जहाजांवर संध्याकाळी सहानंतर बहुतेक ठिकाणी व्यवस्थित पोशाख अपेक्षित असतो, आणि ‘गाला’ संध्याकाळी पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट व स्त्रियांनी संध्याकाळचा खास पोशाख करावा असे स्पष्ट सांगितलेले असते. मात्र याच क्युनार्डच्या नियमात औपचारिक राष्ट्रीय पोशाखही चालतो असे म्हटलेले आहे. सर्वांत कडक कंपनीलाच जर बंदगळा आणि काठपदराची साडी मान्य असेल, तर इतरांच्या जहाजांवर त्यांबद्दल शंका घेण्याचे कारण उरत नाही. सूट शिवूच नये असे नाही. ज्यांना तो आवडतो आणि नंतरही वापरायचा आहे त्यांनी खुशाल शिवावा. केवळ जहाजासाठी म्हणून शिवू नये, एवढेच.

आपल्याकडून सुरुवातीला बहुतेक लोक मुंबईहून निघणारी दोन ते पाच रात्रींची सफर निवडतात. 2021 सालापासून कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे सफरी करीत आले आहे. प्रवासी मुख्यतः भारतीयच असल्याने साडी, कुर्ता, सलवार-कमीज यांकडे तिथे कोणी वळूनही पाहत नाही. हे जहाज 1990 सालचे असल्यामुळे त्यातील केबिन आजच्या नव्या जहाजांच्या मानाने लहान आहेत, आणि म्हणून दोन रात्रींसाठी माणशी एक मोठी बॅग नेण्याची आपली सवय तिथे अडचणीची ठरते. अशा छोट्या सफरीला संध्याकाळचे दोन पोशाख पुरेत: एक ठेवणीतला आणि एक साधा पण इस्त्रीचा.

सात रात्रींच्या सफरीला चार पोशाख असावेत. स्त्रियांसाठी एक काठपदराची रेशमी साडी, एक क्रेप किंवा जॉर्जेटची हलकी साडी आणि दोन चांगले सलवार-कमीज. पुरुषांसाठी एक बंदगळा, एक नेहरू जाकीट, दोन कुर्ते, दोन पूर्ण बाह्यांचे शर्ट आणि दोन गडद पँटी. एवढ्यात आलटूनपालटून आठवडा निघतो. तीच साडी दुसऱ्यांदा नेसली तर सहप्रवासी काय म्हणतील, ही काळजी विशेषतः एकाच गावाहून गेलेल्या गटांत फार असते. हजार-दोन हजार माणसांच्या जहाजावर आपली साडी लक्षात ठेवणारे फार तर आपल्याच गटातले चार जण असतात, आणि त्यांनीही आपापली साडी दुसऱ्यांदा नेसलेली असतेच.

कोणत्या संध्याकाळी काय, हे ठरविण्याचा एक साधा ठोकताळा आहे. बंदरावर आपण ताब्यात दिलेल्या बॅगा जहाजाचे कर्मचारी केबिनच्या दाराशी आणून ठेवतात आणि या कामात संध्याकाळ उलटू शकते. म्हणून पहिली संध्याकाळ जवळजवळ नेहमीच साधी ठेवलेली असते. जुन्या काळच्या लांब पल्ल्याच्या जहाजांवरही पहिल्या आणि शेवटच्या रात्री जेवणासाठी खास पोशाख करीत नसत, कारण त्या वेळी पेट्या एक तर उघडलेल्या नसत किंवा पुन्हा बांधल्या गेलेल्या असत. तोच रिवाज आजही टिकून आहे. औपचारिक संध्याकाळ बहुधा अशा दिवशी येते, ज्या दिवशी जहाज कुठेही न थांबता समुद्रातूनच जात असते. कप्तानाची ओळखभेट आणि छायाचित्रे काढण्याचा कार्यक्रम त्याच रात्री असतो. जहाजाचे छायाचित्रकार आग्रह करकरून फोटो काढतात. काढून घेण्यास पैसे पडत नाहीत, प्रत घेण्यास पडतात, आणि ते थोडे नसतात. रोजचा पोशाख केबिनमध्ये येणाऱ्या दिनपत्रकात किंवा जहाजाच्या अॅपवर लिहिलेला असतो. दुपारीच तो पाहून ठेवावा.

आता साड्यांकडे वळू. घरातली सर्वांत भारी पैठणी जहाजावर नेण्याचा मोह आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पैठणीचे वजन, तिची जर आणि समुद्राची हवा यांचे जमत नाही. अस्सल जरीत चांदीची तार असते आणि दमट, खारट हवेत चांदी काळवंडते. शिवाय रेशमावर पाण्याचा शिंतोडा पडला की डाग उमटतो, आणि संध्याकाळी उघड्या डेकवर उभे राहिल्यावर खारे तुषार अंगावर येणारच नाहीत याची हमी कोणी देऊ शकत नाही. बारीक काठाची गर्भरेशमी इरकल, नारायणपेठ किंवा हलके सिल्क अशा प्रसंगी अधिक उपयोगी पडते. रंग गडद निवडावा: जांभळा, वांगी, मोरपंखी, गर्द हिरवा. भोजनगृहातल्या पिवळसर दिव्यांत तो उठून दिसतो आणि जेवताना पडलेला थेंबही झाकतो. खळ दिलेली सुती साडी दिसायला कितीही रुबाबदार असली तरी समुद्राच्या दमट हवेत तासाभरात मऊ पडते, त्यामुळे ती नेऊ नये. ऑर्गन्झा आणि लिननही घरीच ठेवावेत. त्यांच्या सुरकुत्या जहाजावर काढता येत नाहीत.

याला कारण आहे. आगीच्या भीतीने जहाजावर इस्त्री आणि कपड्यांना वाफ देण्याचे यंत्र केबिनमध्ये नेण्यास बंदी असते. बॅगेत इस्त्री सापडली तर ती काढून घेऊन सफर संपताना परत देतात. उदबत्ती, निरांजन आणि मेणबत्ती यांनाही हाच नियम लागू आहे, हे सायंकाळी देवापुढे दिवा लावणाऱ्यांनी जाता जाता ध्यानात ठेवावे. क्युनार्डच्या आणि कार्निव्हलच्या बऱ्याच जहाजांवर प्रवाशांनी स्वतः कपडे धुण्यासाठी खोल्या असतात. रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर त्या नसतात आणि कपडे पैसे देऊन धोब्याकडे द्यावे लागतात. म्हणून कापड घरीच पारखून घ्यावे. पदराचे किंवा कुर्त्याचे टोक मुठीत घट्ट धरून मिनिटभराने सोडावे. सुरकुती लगेच उलगडली तर ते न्यावे, तशीच राहिली तर ठेवून द्यावे. क्रेप, जॉर्जेट आणि पॉलिएस्टर-व्हिस्कोसचे मिश्रण या परीक्षेत सहसा उतरते. तरीही घडी पडलीच, तर आंघोळीच्या वेळी कपडा हँगरला लावून न्हाणीघरात टांगावा. गरम पाण्याच्या वाफेने बरीचशी घडी निघते. रेशमाला मात्र पाण्याच्या धारेपासून दूर ठेवावे. हँगर थोडेच असतात, पण बहुतेक जहाजांच्या केबिनच्या भिंती पोलादी असल्यामुळे चुंबकाचे हूक त्यांना चिकटतात. असे चार हूक नेले तर कपाटाची जागा दुप्पट झाल्यासारखी वाटते.

साडी बॅगेत ठेवताना ती हँगरच्या घडीने ठेवू नये. जुन्या मऊ धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा पसरून त्यावर साडी लांबट घडी करून ठेवावी आणि दोन्हींची मिळून सैल गुंडाळी करावी. ज्यांना केबिनच्या अरुंद जागेत निऱ्या घालणे जड जाईल त्यांनी घरीच निऱ्या आणि पदराच्या चुण्या घालून, पिना लावून, मग घडी करावी. जहाजावर नेसायला पाच मिनिटे पुरतात. ब्लाउजच्या शिलाईत दोन्ही बाजूंना माया ठेवायला शिंप्याला सांगावे. जहाजावर दिवसातून चार-पाच वेळा खायला मिळते आणि आठवड्याच्या शेवटी तिचा उपयोग होतो. हीच सूचना बंदगळ्याला आणि पँटीच्या कमरेला लागू आहे. शिवायचे असेल तर लग्नसराईच्या आधी द्यावे. त्या दिवसांत शिंप्याने दिलेली तारीख पाळली जाईल या भरवशावर विमानाचे तिकीट काढू नये.

वाऱ्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. अशी जहाजे साधारण अठरा ते वीस नॉट वेगाने जातात, म्हणजे ताशी 33 ते 37 किलोमीटर. हवा अगदी पडलेली असली तरी उघड्या डेकवर समोरून तेवढा वारा लागतोच, आणि खरा वारा त्यात मिसळला की ढालगावच्या पवनचक्क्यांच्या पठारावर उभे राहिल्यासारखे होते. अशा वेळी मोकळा सोडलेला पदर किंवा ओढणी सांभाळता सांभाळता सूर्यास्त निघून जातो. पदर चुण्या करून खांद्यावर दोन ठिकाणी पिनेने लावावा. रेशीम फाटू नये म्हणून पिन लावण्याआधी तिच्यात एक लहान मणी ओवावा. म्हणजे पिनेच्या गोल टोकात कापड अडकून ओढले जात नाही. पदराचे टोक कमरेला खोचून ठेवावे आणि भोजनगृहात शिरताना सोडावे. जेवणाआधी सूर्यास्त पाहण्यासाठी वर जायचेच असेल, तर केस आधी बांधावेत. अनारकली आणि घेरदार स्कर्ट हे डेकवर सांभाळण्यास साडीहूनही अवघड असतात.

आतल्या भागात नेमका उलटा त्रास होतो. भोजनगृह आणि नाट्यगृह यांत वातानुकूलन इतके जोराचे असते की सिंगापूरच्या दमट उकाड्यातून आत आलेल्या माणसाला दहा मिनिटांत हुडहुडी भरते. सांगलीच्या हवेत शाल क्वचितच लागते, म्हणून ती न्यायचे सुचत नाही. पण प्रत्येकाने, विशेषतः वयस्कर मंडळींनी, एक पातळ लोकरी शाल जवळ ठेवावी. ती साडीवर शोभते आणि पुरुषांना नाट्यगृहात पायांवर घेता येते. नॉर्वेच्या किंवा अलास्काच्या सफरीत भर उन्हाळ्यातही संध्याकाळी डेकवर चांगलीच थंडी असते. तिकडे कुर्त्याच्या आणि ब्लाउजच्या आतून अंगाला बसणारे गरम कपडे घालावेत, म्हणजे वरचा पोशाख झाकून टाकणारा जाड कोट भोजनगृहात मिरवावा लागत नाही.

पुरुषांचे काम तुलनेने सोपे आहे. काळा, गडद निळा किंवा गडद तपकिरी बंदगळा, त्याच रंगाची किंवा काळी पँट, काळे मोजे आणि काळे बूट एवढ्याने औपचारिक संध्याकाळ पार पडते. सूट-टाय घातलेल्यांच्या शेजारी तो कुठेही कमी वाटत नाही, आणि टायची गाठ बांधण्याची कटकटही नसते. लग्नातला जरीकाम केलेला, खडे लावलेला शेरवानी मात्र नको. तो नवरदेवालाच शोभतो. साध्या संध्याकाळी कुर्त्यावर नेहरू जाकीट घालावे. त्याखाली चुडीदार चालतो, तशी सरळ पँटही चालते. ज्यांना धोतर नेसण्याची रोजची सवय आहे त्यांनी धोतर, कोट आणि टोपी असा पोशाख अवश्य करावा; ज्यांना ती सवय नाही त्यांनी हलत्या जहाजाच्या जिन्यावर तिची सुरुवात करू नये. काळे मोजे ही सर्वांत अधिक विसरली जाणारी वस्तू आहे. जहाजावरच्या दुकानात घड्याळे आणि अत्तरे भरपूर असतात, मोजे मिळतीलच असे नाही.

पायांत काय घालावे याबद्दल आपल्या भागातल्या लोकांना एक खास मोह असतो. कोल्हापुरी चपलांना 2019 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर, सोलापूर आणि साताऱ्याबरोबर सांगली जिल्ह्याचाही समावेश आहे, तेव्हा कुर्त्याखाली कोल्हापुरी घालून मिरवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. साध्या संध्याकाळी ती जरूर घालावी, पण दोन गोष्टी करूनच. एक म्हणजे खालून रबराचा पातळ तळ लावून घ्यावा, कारण कातडी तळ ओल्या डेकवर आणि पितळी कडांच्या पायऱ्यांवर घसरतो. दुसरे म्हणजे नवी चपल घरी महिनाभर वापरून मऊ करावी; करकर वाजणाऱ्या जोड्याने शांत भोजनगृहात शिरल्यावर सगळी टेबले वळून पाहतात. औपचारिक संध्याकाळी पुरुषांनी बंद बूट घालावेत. स्त्रियांनी बारीक टाचेचे सँडल टाळून रुंद, कमी उंचीची टाच निवडावी. समुद्र शांत असला तरी जहाज किंचित झुलते, आणि जेवण झाल्यावर केबिनपर्यंतचा रस्ता लांबच लांब बोळातून जातो.

काही संध्याकाळी विषय ठरलेला असतो. पांढऱ्या पोशाखाच्या रात्री पुरुषांना पांढरा कुर्ता-पायजमा पुरेसा आहे. पांढरी साडी नेसायला आपल्याकडील बऱ्याच सौभाग्यवती कचरतात. त्यांनी मोतिया रंगाची, लाल किंवा हिरव्या काठाची साडी नेसावी. विषय पाळला जातो आणि मनालाही रुखरुख लागत नाही. क्युनार्डच्या जहाजांवर काळ्या-पांढऱ्या पोशाखाची गाला संध्याकाळ असते. तिच्यासाठी संक्रांतीची काळी चंद्रकळा नेसावी, तीवर मोत्यांचा सर घालावा. याहून अधिक चपखल पोशाख विकत मिळणार नाही. बॉलीवूड संध्याकाळ असेल तर शिवलेली नऊवारी उत्तम. तिच्यात पाय मोकळे राहतात, त्यामुळे नाचतानाही आणि जिन्यावरही ती पाचवारीपेक्षा सोयीची पडते. मुखवट्यांच्या रात्रीसाठी मुखवटा जहाजावर महाग मिळतो, घरून नेलेला बरा.

दागिन्यांबाबत थोडक्यात सांगायचे तर पाटल्या, तोडे आणि भारी हार घरी किंवा बँकेत असू द्यावेत. मंगळसूत्र, कुड्या आणि मोत्यांची चिंचपेटी किंवा तन्मणी एवढ्यात साडी पूर्ण दिसते. केबिनमध्ये छोटी तिजोरी असते, तिचा उपयोग डेकवर किंवा पोहायला जाताना करावा. खरे सोने परदेशी न्यायचेच असेल, तर निघताना विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून त्याची नोंद करून दाखला घ्यावा, म्हणजे परतताना ते तिकडे विकत घेतलेले नाही हे दाखवता येते.

मुलांसाठी वेगळी तयारी करू नये. एक कुर्ता-पायजमा किंवा एक फ्रॉक आणि बाकी रोजचे स्वच्छ कपडे पुरतात.

शेवटी बॅगांची मांडणी. सांगलीहून रात्रीच्या गाडीने मुंबईला पोहोचून दुपारी जहाजावर चढणाऱ्यांनी पहिल्या संध्याकाळचा पोशाख, औषधे आणि शाल हातातल्या पिशवीत ठेवावी. म्हणजे बॅग केबिनशी उशिरा आली तरी प्रवासाच्या कपड्यांवरच पहिले जेवण घ्यावे लागत नाही. नवरा-बायकोच्या दोन बॅगा असतील तर दोघांचाही एकेक चांगला पोशाख दोन्हींत वाटून ठेवावा, कारण विमानाने जाताना एखादी बॅग मागे राहिली तरी औपचारिक संध्याकाळ निभावते. सफरीच्या शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या दुसऱ्या दिवशी थेट बंदरावरच हाती येतात. त्या रात्री जेवायला जातानाच दुसऱ्या दिवशी घालायचे कपडे, अंतर्वस्त्रे आणि चपला बाहेर काढून ठेवाव्यात, मग बॅगेला कुलूप लावावे.